एल्फिन्स्टनच्या खाडीतलं तारेचं बेट

एल्फिन्स्टन हे नाव काढलं की मुंबईकर लगेच विचारतो, "कॉलेज की स्टेशन?" दोन्हींची नावं एकाच माणसावरून पडली असा पुष्कळांचा समज असतो. तसं ते नाही. कॉलेजचा एल्फिन्स्टन म्हणजे माउंटस्टुअर्ट, १८१९ ते १८२७ या काळातला मुंबईचा गव्हर्नर. स्टेशनचा एल्फिन्स्टन म्हणजे लॉर्ड जॉन, १८५३ ते १८६० मधला गव्हर्नर. त्या स्टेशनचं २०१८ साली प्रभादेवी झालं. कॉलेजचं नाव मात्र अजून तेच आहे.

पण यातल्या पहिल्या एल्फिन्स्टनचं नाव आपल्या ओमानमधेही आहे हे आपल्या मंडळींपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. मुसंदममधल्या खसब गावाजवळ डोंगरात खोल शिरलेली एक खाडी आहे. स्थानिक नाव खोर शम. इंग्रजांच्या जुन्या नकाशांवर तिचं नाव आहे 'एल्फिन्स्टन इन्लेट'. त्या खाडीत एक इवलंसं बेट आहे, आणि १८६० च्या दशकात काही वर्षं लंडन आणि हिंदुस्थान यांच्यातल्या तारा त्या बेटावरून जात होत्या. ही गोष्ट त्या बेटाची आहे. खाडी बघायला एक दिवस पुरतो. तिचा इतिहास कळायला मला जरा जास्त वेळ लागला.

आधी प्रवासाचं सांगतो. मुसंदम हा ओमानचाच भाग, पण मधे अमिरातीची जमीन येते. मस्कतहून रस्त्याने जायचं तर सरहद्द ओलांडावी लागते, विमानाने तासाभरात खसब येतं. आम्ही गालातली चार कुटुंबं मिळून थंडीत गेलो होतो. बरोबर माझे सासरेही होते. सकाळी खसबच्या धक्क्यावरून धाऊ निघते. धाऊ म्हणजे आपल्या कोकणातल्या गलबताची चुलत बहीण. डेकवर गालिचे आणि लोड, खजुराची थाळी, काहवा. ती चालवणाऱ्याला इथे नोखदा म्हणतात. आपल्या कोळीवाड्यातला नाखवा तो हाच, शब्दाचं मूळ एकच, फारसी. आमचा नोखदा ओमानी होता आणि हिंदी छान बोलत होता.

धक्का सोडून धाऊ पूर्वेकडे वळली आणि थोड्या वेळाने खाडीत शिरली की वारा पडतो. दोन्ही बाजूंना चुनखडीचे उघडे डोंगर सरळ पाण्यात उतरलेले. झाड जवळजवळ नाहीच. खाडी सुमारे सोळा किलोमीटर आत जाते. जाहिरातींत याला 'अरबस्तानचं नॉर्वे' म्हणतात, पण नॉर्वेतल्या खाड्या हिमनद्यांनी कोरल्या आहेत, इथे बर्फाचा काही संबंध नाही. अरबस्तानचा भूभाग इराणच्या भूभागाखाली सरकतो आहे, त्यात मुसंदमचं टोक हळूहळू खचत गेलं आणि दऱ्यांमधे समुद्र घुसला. म्हणजे आपण बोटीने जातो ते एका बुडालेल्या दरीतून.

वाटेत पाच-सहा वाड्या लागतात. नदीफी, कनाहा, मकलब, सीबी, शम. प्रत्येक ठिकाणी थोडी दगडी घरं, पाठीशी डोंगर, पुढे पाणी. गाडीरस्ता नाही. पिण्याचं पाणी बोटीने येतं. खाडीत डॉल्फिन आहेत आणि नोखद्याने बोटीवर टाळ्या वाजवून त्यांना खरंच बोलावलं! मुलांचा दिवस तिथेच सार्थकी लागला.

आता मुंबईच्या गव्हर्नरचं नाव इथे कसं आलं ते बघू. १८१९ च्या अखेरीस मुंबईहून इंग्रजांचं आरमार निघालं आणि त्याने रास अल् खैमाच्या अरबांविरुद्ध मोहीम केली. १८२० साली आखातातल्या शेखांशी तह झाला. त्यानंतर इंग्रजांना या किनाऱ्याचे नकाशे हवे झाले. हे काम मुंबईच्या सरकारी आरमाराकडे, म्हणजे 'बॉम्बे मरीन'कडे आलं. १८२० च्या दशकात त्यांचे अधिकारी दोरीला शिसं बांधून पाण्याची खोली मोजत सगळा किनारा फिरले. नाव द्यायची वेळ आली तेव्हा आपल्या साहेबाचं दिलं. ही खाडी एल्फिन्स्टनची झाली. मकलबच्या चिंचोळ्या खिंडीपलीकडे दुसरी मोठी खाडी आहे, तिला माल्कमचं नाव मिळालं. जॉन माल्कम हा एल्फिन्स्टननंतरचा, १८२७ ते १८३० मधला मुंबईचा गव्हर्नर.

मराठी माणसाने ही दोन नावं जरा थांबून वाचावीत अशी आहेत. एल्फिन्स्टन १८११ पासून पुण्यात पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट होता. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली तेव्हा संगमावरची त्याची रेसिडेन्सी जाळली गेली, आणि पुढच्या दोन आठवड्यांच्या आत शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. माल्कमने त्याच वर्षी डिसेंबरमधे महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव केला आणि जून १८१८ मधे दुसरा बाजीराव शरण आला तोही माल्कमलाच. आठ लाखांच्या तनख्यावर बाजीरावाची ब्रह्मावर्ताला रवानगी झाली. म्हणजे पेशवाई ज्या दोघांच्या हातून संपली, त्या दोघांची नावं होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ एका खिंडीच्या दोन बाजूंना बसली आहेत! योगायोग म्हणावा तर तसा नाही. मराठ्यांचं राज्य गेल्यावर मुंबई सरकारचे हात मोकळे झाले, आणि ते समुद्रापलीकडे इतके लांब पोचले. माल्कम तर त्याआधीच, जानेवारी १८०० मधे, इराणला जाताना ओमानमधे थांबून मस्कतच्या सय्यदांशी करार करून गेला होता.

आता तारेकडे येतो. १८५७ साली १० मे रोजी मेरठला उठाव झाला. ती बातमी लंडनला पोचायला सहा-सात आठवडे लागले. हिंदुस्थानच्या आत तारायंत्र आलं होतं, पण समुद्र आडवा होता. दिल्ली हातची गेली आणि लंडनला पत्ताच नाही, हे इंग्रजांच्या मनाला फार लागलं. घाईघाईने एक कंपनी उभी राहिली, सरकारने तिला पन्नास वर्षं व्याजाची हमी दिली. १८५९-६० मधे सुएझ ते एडन आणि एडनहून कराची अशी समुद्रातून तार टाकली गेली. तिचे मधले टप्पेही ओमानचेच होते, एक कुरिया मुरिया बेटांतलं हलानिया आणि दुसरं आपलं मस्कत. कुरिया मुरिया बेटं सय्यद सईदने १८५४ मधे इंग्रजांना देऊन टाकली होती, ती ओमानला १९६७ साली परत मिळाली. तर ही तार सुएझपासून कराचीपर्यंत सलग अशी धड कधी चाललीच नाही. तार बारीक होती आणि तळाच्या खडकांचा अंदाज न घेता ताणून टाकली होती. ती ठिकठिकाणी तुटली. सरकार मात्र बंद तारेची हमी भरत बसलं. आयटीत असल्यामुळे असं प्रोजेक्ट मला अगदीच अनोळखी वाटलं नाही.

मग दुसरा मार्ग ठरला. युरोपातून कॉन्स्टँटिनोपल आणि बगदादपर्यंत तुर्कांची जमिनीवरची तार, तिथून शत्त अल् अरबच्या मुखाशी असलेलं फाओ, आणि फाओपासून आखाताच्या तळाने बुशहर, मुसंदम, ग्वादर, कराची. कामाचा मुख्य पॅट्रिक स्ट्युअर्ट नावाचा लष्करी इंजिनियर होता. तारेची रचना चार्ल्स ब्राइट आणि लॅटिमर क्लार्क यांनी केली. मधे तांबं, त्यावर गटापर्चा, म्हणजे मलायातल्या एका झाडाचा चीक, त्यावर ताग, लोखंडी तारांचं चिलखत आणि वरून डांबरासारखा लेप. मागच्या वेळचा धडा घेऊन प्रत्येक तुकडा तपासून घेतला होता. एकूण लांबी सुमारे बाराशे सागरी मैल.

ही तार इंग्लंडहून पाच शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून आधी मुंबईला आली. त्यातली दोन जहाजं मूळची मुंबईचीच होती! 'पंजाब' आणि 'असई'. दोन्ही मुंबईच्या गोदीत वाडियांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेली लढाऊ जहाजं. १८६३ मधे हिंदुस्थानचं वेगळं आरमार मोडीत निघालं तेव्हा ती विकली गेली. 'पंजाब'चं इंजिन काढून त्याचं 'ट्वीड' नावाचं शिडाचं जहाज झालं. ते इतकं वेगवान निघालं की त्याच्या मालकाने पुढे १८६९ मधे 'कटी सार्क' बांधताना याचाच नमुना समोर ठेवला असं म्हणतात. लंडनला ग्रिनिचमधे 'कटी सार्क' बघायला आपण तिकीट काढून जातो. तिच्या घाटात मुंबईच्या गोदीतल्या सुतारांचा हात आहे हे तिथे उभं राहून किती जणांना सुचत असेल?

आणि 'असई' हे नाव? जालना जिल्ह्यात असई नावाचं खेडं आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. त्या विजयाची आठवण म्हणून जहाजाचं नाव असई. त्या लढाईत वेलस्लीच्या बरोबर घोड्यावर एक तरुण मुलकी अधिकारी होता, वय चोविशीच्या आतलं. त्या जागी खरं तर माल्कम असायचा, पण तो आजारी पडला म्हणून या पोराला पाठवलं होतं. त्याचं नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. साठ वर्षांनी असई नावाचं जहाज तार घेऊन आखातात आलं तेव्हा त्या तारेचं एक ठाणं एल्फिन्स्टनच्याच खाडीत होतं. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. नावं देणारे लोक तेच, म्हणून नावंही तीच फिरत राहिली.

फेब्रुवारी १८६४ मधे ग्वादरपासून तार टाकायला सुरुवात झाली. ग्वादर तेव्हा मस्कतच्या सुलतानाचं होतं, ते पाकिस्तानकडे गेलं १९५८ साली. वाफेच्या बोटी शिडाच्या जहाजांना ओढत होत्या आणि जहाजाच्या पोटातून तार समुद्रात उतरत होती. ग्वादर आणि बुशहर यांच्या मधे एक थांबा लागत होता, त्यासाठी मुसंदमची ही खाडी निवडली. खोल पाणी, चारी बाजूंनी आडोसा, वादळात जहाज नांगरून ठेवावं अशी जागा. अडचण होती ती माणसांची. इथले शिहूह लोक कुणाचं फारसं ऐकणारे नव्हते. ही जमीन मस्कतच्या सुलतानाची मानायची की त्या लोकांच्या शेखांची, यावर इंग्रज अधिकाऱ्यांत बराच खल झाला. शेवटी किनाऱ्यावर राहणं सुरक्षित नाही म्हणून तारघर बांधलं ते बेटावर. बेटाचं नाव मकलब. आता सगळे टेलिग्राफ आयलंडच म्हणतात.

आमची धाऊ या बेटाजवळ दुपारी अकराच्या सुमाराला थांबली. पाणी इतकं नितळ की नांगर तळाला टेकलेला दिसतो. तरुण मंडळी मुखवटे लावून पाण्यात उतरली. भरती होती म्हणून नोखद्याने छोट्या होडीने आम्हा चौघांना पायऱ्यांशी नेलं. बेट पाच मिनिटांत ओलांडून होतं. वर दगडी जोती, पडक्या भिंती. सावली नाही, विहीर नाही.

माझे सासरे तार खात्यातून निवृत्त झाले. सुरुवातीची वर्षं मोर्सवर, पुढे टेलिप्रिंटरवर. ते भिंतींकडे बघत बराच वेळ गप्प होते. मग त्यांचा पहिला प्रश्न आला, "जावईबापू, हे लोक पाणी कुठून आणत असतील हो?" मी म्हटलं, बोटीने, बाबा. जे येईल ते बोटीनेच. ते म्हणाले, "आणि बोट आली नाही तर?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग त्यांनी मला तारघराचं काम समजावून सांगितलं. त्या काळी एका टोकाला दाबलेला संदेश आपोआप दुसऱ्या टोकाला जात नसे. समुद्राखालच्या लांब तारेत विजेचा ठोका क्षीण होत जातो. म्हणून प्रत्येक ठाण्यावर माणूस बसलेला. त्याने खुणा वाचायच्या, कागदावर उतरवायच्या आणि पुढच्या तारेवर पुन्हा हाताने पाठवायच्या. आज हे काम समुद्राच्या तळाशी बसवलेली यंत्रं करतात, आम्ही त्यांना रिपीटर म्हणतो. तेव्हा रिपीटर म्हणजे माणूस. सासरे म्हणाले, "पाठवणाऱ्याचं नाव तारेवर असतं, घेणाऱ्याचं असतं. मधल्या ऑफिसातल्याचं कुठे नसतं. रात्री दोन वाजता कुणाचा तरी बाप गेल्याची तार हातातून जायची. आपण नुसतं पुढे कडकट्ट करायचं आणि पुढची घ्यायची." आपल्याकडे तार आली म्हटलं की घरात रडारड सुरू व्हायची, ते आठवलं. २०१३ च्या जुलैत भारतातली तार सेवा बंद झाली तेव्हा त्यांनी कुणाला शेवटची तार केली नव्हती. मी कारण विचारलं नाही.

१८६५ च्या सुरुवातीला बगदाद ते फाओ हा राहिलेला तुकडा जोडला गेला आणि लंडन ते कराची तार सुरू झाली. स्ट्युअर्टला ते बघायला मिळालं नाही, तो जानेवारीत कॉन्स्टँटिनोपलला वारला. वीस शब्दांचे पाच पौंड पडत. तेव्हा हे परवडणार कुणाला? सरकारला आणि कापसाच्या व्यापाऱ्यांना. मुंबईत तेव्हा कापसाची धुंदी होती. अमेरिकेतल्या यादवीमुळे लिव्हरपूलला मुंबईचाच कापूस हवा होता, शेअर कंपन्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या होत्या. एप्रिल १८६५ मधे अमेरिकेतलं युद्ध आटोपलं, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलैला मुंबईत दिवाळखोरीची लाट आली. प्रेमचंद रायचंदसारखे धनाढ्यही त्यात बुडाले. भावाची बातमी पूर्वी टपालाच्या बोटीने महिन्याने यायची. ती आता तारेने येऊ लागली होती, आणि त्या तारेचा एक सांधा या ओसाड खडकावर होता.

अर्थात बातमी झटकन यायची असंही नाही. समुद्रातली तार उत्तम चालली, घोटाळा जमिनीवर होता. तुर्कस्तानातल्या तारघरांत इंग्रजी न समजणारे कारकून संदेश उतरवून घेत, शब्दांचं काय वाटेल ते होई, आणि कित्येक दिवस लागत. तक्रारी इतक्या वाढल्या की १८६६ मधे लंडनच्या पार्लमेंटने चौकशी समिती नेमली. म्हणजे बेटावरचा माणूस उन्हात बसून ठोका चुकू देत नव्हता आणि त्याचं काम पुढे हजार मैलांवर वाया जात होतं.

या बेटाची एक कथा सगळे नोखदे सांगतात. इंग्रजीत वेड लागण्याला 'राउंड द बेंड' म्हणतात ना, तो शब्दप्रयोग म्हणे इथलाच. उकाड्याने आणि एकटेपणाने भ्रमिष्ट झालेले तारमास्तर खाडीचं वळण घेऊन घरी जायची स्वप्नं बघत, त्यावरून. गोष्ट झकास आहे, पण मला ती पटत नाही. हा शब्दप्रयोग छापील स्वरूपात दिसतो तो १९२० च्या दशकात, खलाशांच्या बोलीच्या कोशात, आणि तिथे मुसंदमचं नाव नाही. पर्यटनाची गरज म्हणून तो मागाहून चिकटला असावा. एकटेपणा मात्र खरा असणार. उन्हाळ्यात या डोंगरांच्या भांड्यात काय उकडत असेल ते ओमानमधे एक जून काढलेल्या कुणालाही सांगायला नको.

१८६८ च्या अखेरीस हे ठाणं बंद झालं. काम सामुद्रधुनीपलीकडे हेंगाम बेटावर आणि पुढे इराणच्या किनाऱ्यावर जास्कला गेलं. १८७० मधे सीमेन्स कंपनीची इराणमार्गे नवी तार सुरू झाली, तिच्यावरून लंडन-कलकत्ता संदेश अठ्ठावीस मिनिटांत गेल्याची नोंद आहे. त्याच वर्षी 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजाने मुंबई ते एडन तार टाकली आणि मुंबई थेट सुएझमार्गे इंग्लंडला जोडली गेली. खोर शमची गरज संपली. जेमतेम चार वर्षं जगाच्या मुख्य रस्त्यावर असलेली ही जागा पुन्हा आडबाजूला पडली.

मला यात एक गोष्ट खटकत राहिली. या चार वर्षांत नदीफी किंवा शमच्या कोळ्याला त्या तारेचा काय उपयोग झाला? त्याच्या डोळ्यांसमोरून जगाच्या बातम्या जात होत्या, पण त्याच्यासाठी ते फक्त शेजारच्या बेटावर बसलेले परके लोक होते. ज्याला आपण आडगाव म्हणतो ते मुळात आडगाव नसतं. कुणाच्या तरी रस्त्यात आलं की ते जवळचं होतं, रस्ता बदलला की लांबचं. तिथे राहणारा माणूस जिथल्या तिथेच असतो.

रस्ता मात्र पुन्हा एकदा तिकडे वळला. २००६ मधे 'फाल्कन' नावाची समुद्राखालची फायबर केबल सुरू झाली. ती मुंबईला जोडलेली आहे आणि ओमानमधे तिची टोकं आहेत सीब आणि खसबला. १ फेब्रुवारी २००८ रोजी ही केबल दुबईजवळ तुटली आणि इकडच्या देशांचं इंटरनेट कोलमडलं. नाना तर्क लढवले गेले. दुरुस्तीची बोट गेली तेव्हा तिथे सापडला कुणीतरी टाकून दिलेला पाच-सहा टनांचा नांगर! गालातल्या ऑफिसात बसून पुण्याच्या टीमशी बोलताना आवाज अडकला की आम्ही 'नेटवर्क गंडलं' म्हणून मोकळे होतो. ते नेटवर्क म्हणजे आजही समुद्राच्या तळाशी पडलेली तारच आहे, आणि ती सांधायला कुणाला तरी बोटीने जावंच लागतं.

मंडळी, खसबला गेलात तर नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान जा आणि पूर्ण दिवसाची धाऊ घ्या, अर्ध्या दिवसात घाई होते. बेटाजवळ सगळ्याच धाऊ पोहायला थांबतात, पण वर फारसं कुणी जात नाही. भरतीची वेळ साधून होडीने पायऱ्यांशी सोडायला नोखद्याला आधीच सांगून ठेवा. टोपी आणि पाण्याची बाटली विसरू नका, वर दोन्हींपैकी काही मिळत नाही.